पद्मिनीचे इंजिन पुन्हा बसवताना इग्निशन आणि अल्टरनेटरच्या वायरी जोडण्याबाबत

पंचगंगाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. गाडी माझ्या ताब्यात आली तेव्हा तिचे इंजिन आधीच उतरवलेले होते आणि इंजिन-बेमध्ये सुट्या वायरी लोंबत होत्या. कोल्हापूरला उद्यमनगरात बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि हेडचे काम करून घेऊन १०८९ सीसीचे ते मूळ इंजिन आता पुन्हा गाडीत बसवले आहे. यांत्रिक बाजूबद्दल मला शंका नाही, कारण सेल्फ मारल्यावर ऑइलचा दिवा लगेच विझतो आणि चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन जवळपास सारखे येते. अडचण आहे ती वायरिंगची.

या गाडीत बॅटरी चार्ज करणारा मूळचा डायनॅमो होता, तो काढून आधीच्या कोणी मालकाने त्याच कामासाठी ल्युकस टीव्हीएसचा अल्टरनेटर बसवला आहे. मात्र डायनॅमोचा रेग्युलेटर, ज्याला आपल्याकडे कटआउट म्हणतात, तो अजून आतल्या मडगार्डवर तसाच आहे. त्याचे झाकण उघडले असता आतली कॉइले काढून टाकलेली दिसली. केवळ त्याचे खांब वायरी जोडण्यापुरते वापरले असून ‘डी’ आणि ‘ए’ हे खांब तांब्याच्या पट्टीने एकमेकांना जोडलेले आहेत. ‘डी’ खांबावर अल्टरनेटरकडून आलेली जाड वायर आणि डॅशबोर्डकडून आलेली एक बारीक वायर अशा दोन वायरी आहेत. ‘एफ’ खांबावर अल्टरनेटरकडून आलेली एकच बारीक वायर आहे आणि ती तिथेच संपते.

आता लक्षणे सांगतो. चावी बंद असताना चार्जिंगचा लाल दिवा पेटलेला राहतो आणि चावी चालू केली की तो विझतो, म्हणजे जे व्हायला हवे त्याच्या नेमके उलट होते. दुसरे असे की, सेल्फ मारल्यावर इंजिन चालू होत नाही, मात्र मधूनमधून कार्ब्युरेटरमधून मोठा आवाज येतो आणि एकदा तर ज्वाळाही दिसली. प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी पोहोचवणारा डिस्ट्रिब्युटर मी हेडचे काम झाल्यावर बसवला असून प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने लावल्या आहेत. इग्निशनची (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारी) कॉइल जुनी आहे आणि तिच्या टोकांवर अधिक-उण्याच्या खुणा नसून ‘एसडब्ल्यू’ आणि ‘सीबी’ अशी अक्षरे आहेत. वायरींचे मूळ रंग ओळखू येत नाहीत. कोणती वायर कुठे जायला हवी आणि ती तिथे का जायला हवी, हे जाणकारांनी सांगितले तर पुढची जोडणी मी समजून करू शकेन.

नानापेठ

आपण लक्षणे इतकी नीट लिहिली आहेत की चार्जिंगच्या बाजूचे निदान गाडी न पाहताही करता येते. उलटा वागणारा तो लाल दिवाच नेमकी चूक दाखवतो आहे, म्हणून आधी त्या दिव्याचे काम पाहू.

डायनॅमोच्या काळात त्या दिव्याचे एक टोक इग्निशन स्विचला आणि दुसरे टोक कटआउटच्या ‘डी’ खांबाला असे. डायनॅमो थांबलेला असताना ‘डी’ खांब आर्मेचरमधून अर्थला जोडलेला राहतो, म्हणून चावी चालू केली की दिवा पेटतो. डायनॅमो चार्ज करू लागला की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब (व्होल्टेज) मिळतो आणि दिवा विझतो. आपल्या गाडीत ‘डी’ आणि ‘ए’ पट्टीने जोडले गेल्यामुळे ‘डी’ खांब आता कायम बॅटरीच्या दाबावर आहे. अशा वेळी चावी बंद असताना प्रवाह ‘डी’ खांबापासून दिव्यातून उलट्या दिशेने इग्निशनच्या परिपथात जातो आणि कॉइल, पेट्रोलचा काटा वगैरे मार्गांनी अर्थला पोहोचतो, म्हणून दिवा पेटतो. चावी चालू केल्यावर दोन्ही टोकांना बारा व्होल्ट येतात, म्हणून तो विझतो. दिव्याचा बल्ब साधारण २.२ वॅटचा असतो आणि तो सुमारे ०.१८ अँपिअर घेतो. चोवीस तासांत हा खर्च चार अँपिअर-तासांच्या वर जातो, त्यामुळे गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी उतरेल. दुरुस्ती होईपर्यंत बॅटरीचे एक टोक काढून ठेवावे.

अल्टरनेटरच्या बाबतीत त्या दिव्याची वायर ‘डी’ खांबावर न जाता अल्टरनेटरच्या मागच्या लहान पातीवर, म्हणजे ‘आयएनडी’ टोकावर गेली पाहिजे. येथे दिवा केवळ सूचना देत नाही. अल्टरनेटरच्या रोटरला चुंबकत्व देणारा पहिला प्रवाह याच बल्बमधून जातो, आणि इंजिन फिरू लागल्यावर आतले डायोड रोटरला स्वतःच प्रवाह पुरवू लागतात. म्हणूनच तो बल्ब फ्यूज झाला तर धीम्या गतीवर अल्टरनेटर चार्ज करत नाही आणि मेकॅनिक उगाच अल्टरनेटर उघडत बसतो. बल्बच्या जागी एलईडी बसवण्याचा मोह टाळावा, कारण त्यातून रोटरला पुरेसा प्रवाह मिळत नाही.

आपल्याकडे ‘एफ’ खांबावर येऊन संपणारी जी बारीक वायर आहे, ती पूर्वी डायनॅमोच्या फील्डची होती आणि ज्याने अल्टरनेटर बसवला त्याने ती ‘आयएनडी’साठी वापरलेली दिसते. ती खरोखर अल्टरनेटरच्या लहान पातीपर्यंत जाते का, हे बॅटरी काढून मल्टिमीटरवर पाहावे. जात असेल तर डॅशबोर्डकडून आलेली बारीक वायर ‘डी’ खांबावरून काढून ‘एफ’ खांबावर लावावी, एवढीच दुरुस्ती आहे. जाड वायर ‘डी’ खांबावरच राहू द्यावी, कारण ‘डी’पासून पट्टीमार्गे ‘ए’ आणि तिथून बॅटरी असा तिचा मार्ग बरोबर आहे. ‘एफ’ खांबाला दुसरी कोणतीही पट्टी किंवा आतल्या कॉइलचे उरलेले टोक लागलेले नाही, याची मात्र खात्री करून घ्यावी.

अल्टरनेटरच्या मागे सहसा दोन रुंद पात्या आणि एक अरुंद पाती असते. अनेक नगांत दोन्ही रुंद पात्या आतून एकच असतात, तर काहींत त्यांपैकी एक बॅटरीचा दाब मोजण्यासाठी वेगळी ठेवलेली असते. दोन्हींत जोड आहे का हे मीटरवर पाहूनच एक पाती मोकळी सोडावी.

डायनॅमो बसवल्यावर त्याच्या फील्डला बॅटरीची वायर क्षणभर टेकवून त्याची दिशा ठरवण्याची जी जुनी रीत आहे, ती अल्टरनेटरवर कधीही वापरू नये. तसेच इंजिन चालू असताना चार्जिंग तपासण्यासाठी बॅटरीचे टोक काढून पाहणे हीदेखील डायनॅमोच्या काळातली सवय आहे. अल्टरनेटरच्या बाबतीत त्या एका क्षणात दाब उसळतो आणि डायोड किंवा रेग्युलेटर जळतो.

कुर्लावाला

चार्जिंगबाबत वर लिहिलेले सर्व पटले. मी इग्निशनबाबत लिहितो. कुर्ल्यात बनलेल्या या गाडीने मुंबईत टॅक्सी म्हणून अनेक दशके काढली, त्यामुळे तिच्या डिस्ट्रिब्युटरचे सर्व प्रकारचे हाल मी गॅरेजात पाहिले आहेत, आणि कार्ब्युरेटरमधून आवाज येणे ही त्यांतली ओळखीची तक्रार आहे.

सर्वप्रथम एक विनंती. पुढचा सेल्फ मारण्याआधी एअर क्लीनर बसवा, कार्ब्युरेटरवर सांडलेले पेट्रोल पुसून घ्या आणि अग्निशामक हाताशी ठेवा. उघड्या कार्ब्युरेटरमधून ज्वाळा येत असताना प्रयोग करणे धोक्याचे आहे.

आपला १-३-४-२ हा क्रम बरोबर आहे आणि एक नंबरचा सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा, हेही आपल्याला ठाऊक असेलच. पण क्रम बरोबर असूनही सुरुवात चुकीच्या जागेपासून झालेली असू शकते. क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा डिस्ट्रिब्युटर एकच फेरा घेतो. पुलीवरची खूण जुळते तेव्हा एक आणि चार हे दोन्ही पिस्टन वर असतात, पण त्यांपैकी एकच कॉम्प्रेशनवर, म्हणजे मिश्रण दाबून पेटण्याच्या तयारीत असतो. खूण जुळली की एक नंबर पेटणार असे धरून वायरी लावल्या आणि प्रत्यक्षात चार नंबर कॉम्प्रेशनवर असला, तर ठिणगी इनटेक व्हॉल्व्ह उघडत असताना पडते आणि आग कार्ब्युरेटरकडे उलटते. आपल्याकडे हेच झाले असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.

खात्री करण्यासाठी टॅपेट कव्हर (हेडवरचे झाकण) काढा आणि इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवत पुलीची खूण जुळवा. त्या स्थितीत एक नंबरचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) सैल लागले आणि चार नंबरचे दोन्ही रॉकर दाबाखाली असले, म्हणजे एक मिटत आणि दुसरा उघडत असला, तर एक नंबर कॉम्प्रेशनवर आहे. याच्या उलट असेल तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. आता डिस्ट्रिब्युटर कॅप काढून तिच्या आत फिरणाऱ्या रोटरचे (हा अल्टरनेटरचा रोटर नव्हे) टोक कोणत्या दिशेला आहे ते पाहा. कॅपवर ज्या टोकासमोर ते येते, ती जागा एक नंबरची. तिथून रोटर फिरतो त्या दिशेने ३, ४, २ अशा वायरी लावायच्या. रोटर कोणत्या दिशेने फिरतो हे पुस्तकातून किंवा दुसऱ्याच्या इंजिनाच्या फोटोवरून ठरवू नये. सेल्फचा एक झटका देऊन डोळ्यांनी पाहावे. इंजिन उघडल्यावर डिस्ट्रिब्युटर फिरवणारा गियर वेगळ्या दात्यावर बसला असेल तर एक नंबरची जागा मूळच्या जागेहून सरकलेली असते. त्यासाठी गियर पुन्हा काढण्याची गरज सहसा पडत नाही. वायरी सरकवल्या की काम होते, फक्त डिस्ट्रिब्युटरला दोन्ही बाजूंना फिरवण्यापुरती जागा उरली पाहिजे.

वायरी लावताना तीन आणि चार नंबरच्या प्लग वायरी एकमेकींना चिकटून समांतर नेऊ नका. हे दोन सिलिंडर शेजारी आहेत आणि एकामागोमाग पेटतात, त्यामुळे एकीतला दाब दुसरीत उतरून चुकीच्या वेळी ठिणगी पडू शकते. दोन आणि एकच्या बाबतीतही तेच लागू आहे.

आता कमी दाबाची बाजू. इग्निशन स्विचपासून कॉइल, कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरच्या अंगावरचे टोक आणि तिथून सीबी पॉइंटमार्गे (डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे संपर्क) अर्थ, एवढाच हा परिपथ आहे. तो तपासण्यासाठी बारा व्होल्टचा साधा टेस्ट लॅम्प मल्टिमीटरपेक्षा उपयोगी पडतो. त्याचे एक टोक डिस्ट्रिब्युटरच्या टोकाला आणि दुसरे अर्थला लावून चावी चालू करा आणि इंजिन हाताने सावकाश फिरवा. पॉइंट मिटलेले असताना दिवा विझलेला आणि उघडताच पेटलेला दिसला पाहिजे. तो कधीच पेटत नसेल तर एक तर कॉइलपर्यंत प्रवाह येत नाही, नाही तर कुठेतरी टोक अर्थला लागले आहे. इंजिनाच्या कामानंतर हे वारंवार दिसते, कारण पॉइंटच्या स्प्रिंगखालचा लहानसा इन्सुलेटिंग वॉशर सुटतो किंवा उलटा बसतो. दिवा सतत पेटलेला राहत असेल तर पॉइंट मिटत नाहीत, त्यांवर तेलाचा थर आहे किंवा बेसप्लेटची बारीक अर्थ वायर तुटली आहे. नव्या पॉइंटवर गंजरोधक थर असतो. पेट्रोलमध्ये भिजवलेली स्वच्छ चिंधी फिरवून तो पुसावाच लागतो. पॉइंटची फट ल्युकसच्या डिस्ट्रिब्युटरला ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात. आपला डिस्ट्रिब्युटर दुसऱ्या बनावटीचा असेल तर त्याच्या मॅन्युअलमधले माप घ्या.

याच दिव्यावर टायमिंगही लागते. एक नंबर कॉम्प्रेशनवर आणत मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंशांच्या खुणेवर थांबा. खूण ओलांडली गेली तर तेवढेच मागे येऊ नका. बरेच मागे नेऊन पुन्हा पुढे आणा, म्हणजे गियर आणि चेनमधली ढिलाई निघून जाईल. मग डिस्ट्रिब्युटरचे अंग रोटरच्या दिशेने दिवा विझेपर्यंत फिरवा आणि तिथून उलट दिशेने अगदी सावकाश आणत दिवा पेटेल त्या बिंदूवर क्लॅम्प आवळा. इंजिन सुरू होऊन नीट चालण्याइतके अचूक टायमिंग एवढ्याने मिळते.

आपल्या कॉइलबद्दल. ‘एसडब्ल्यू’ म्हणजे स्विचची बाजू आणि ‘सीबी’ म्हणजे पॉइंटची बाजू, पण ही अक्षरे त्या काळातली आहेत जेव्हा ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असे. पद्मिनी निगेटिव्ह अर्थची गाडी आहे. प्लगच्या मधल्या तापलेल्या इलेक्ट्रोडवर ऋण दाब आला तर ठिणगी कमी दाबात पडते, आणि कॉइल उलटी लागली तर त्याच ठिणगीला बराच जास्त दाब लागतो. इंजिन तरीही चालते, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे लपून राहते आणि भर चढावर मिसिंगच्या रूपाने दिसते. आपण जुनी कॉइल न वापरता अधिक-उण्याच्या खुणा असलेली नवी घ्यावी, असे मला वाटते. तिचे अधिक टोक स्विचला आणि उणे टोक डिस्ट्रिब्युटरला जोडावे. घेताना प्राथमिक वेटोळ्याचा रोध मोजून पाहा. तो तीन ओहमच्या आसपास असेल तर कॉइल थेट बारा व्होल्टवर चालते. दीड ओहमच्या आसपास असेल तर ती बॅलास्ट रेझिस्टरबरोबर (प्रवाह मर्यादित ठेवणारा बाहेरचा रोध) वापरण्याची आहे आणि थेट जोडल्यास ती स्वतः तापेल आणि पॉइंटही जाळेल.

सह्याद्री१४८९

माझी गाडी अँबॅसेडर असली तरी एक मुद्दा दोन्ही गाड्यांना लागू आहे आणि तो वर आलेला नाही, म्हणून लिहितो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, त्यामुळे ते बॉडीपासून विद्युतदृष्ट्या तुटलेले असते. दोघांना जोडणारी वेणीदार अर्थ पट्टी इंजिन उतरवताना काढली जाते आणि बसवताना कोपऱ्यात पडून राहते. ती नसली तर सेल्फचा शंभराहून अधिक अँपिअरचा परतीचा प्रवाह मिळेल त्या वाटेने जातो, आणि ती वाट बहुधा चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलची असते. सेल्फ मारताना चोकची केबल तापत असेल किंवा तिच्या टोकाला धूर दिसत असेल, तर दुसरे काही शोधू नये.

नव्याने रंगवलेल्या इंजिनात आणखी एक काळजी घ्यावी लागते. अर्थ पट्टीच्या लगखाली (टोकाच्या धातूच्या कडीखाली), अल्टरनेटरच्या ब्रॅकेटखाली आणि डिस्ट्रिब्युटरच्या बैठकीवर रंग असता कामा नये. लगच्या आकाराएवढा रंग घासून धातू उघडा करावा, बोल्ट आवळावा आणि मग वरून ग्रीस किंवा व्हॅसलिनचा हात फिरवावा.

बॅटरी प्रथम जोडताना अर्थच्या केबलमध्ये २१ वॅटचा ब्रेक लाइटचा बल्ब एकसरीत लावावा. चावी आणि सर्व स्विच बंद असताना तो पेटला तर कुठेतरी वायर अर्थला लागली आहे, आणि बल्बमुळे हार्नेस जळण्यापासून वाचतो. लाल दिव्यासारखी लहान गळती मात्र या बल्बवर दिसणार नाही. ती मल्टिमीटरच्या अँपिअरच्या पट्ट्यावर मोजावी.

ज्यांच्या जुन्या मॉरिस वा इतर ब्रिटिश गाड्यांत अजून पॉझिटिव्ह अर्थ आहे, त्यांनी हा धागा वाचून थेट अल्टरनेटर बसवू नये. आधी गाडीचा अर्थ बदलून घ्यावा लागतो, अन्यथा बॅटरी जोडताच डायोड जातात.

पंचगंगाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ‘एफ’ खांबावरची वायर अल्टरनेटरच्या लहान पातीपर्यंत जाते हे मीटरवर दिसले, म्हणून डॅशबोर्डकडची बारीक वायर ‘डी’वरून ‘एफ’वर आणली. आता चावी चालू केल्यावर लाल दिवा पेटतो आणि बंद केल्यावर विझतो. टॅपेट कव्हर काढून पाहिले तेव्हा कुर्लावाला यांनी सांगितल्याप्रमाणे रोटर एक नंबरच्या वायरीसमोर असताना चार नंबर कॉम्प्रेशनवर होता. वायरी कॅपवर समोरासमोर बदलल्या, टेस्ट लॅम्पवर टायमिंग लावले, नवी कॉइल जोडली आणि इंजिन लगेच सुरू झाले. अर्थ पट्टी होती, पण तिचा लग रंगावर बसला होता; तो घासून घेतला.

एक शंका उरली आहे. इंजिनाची गती थोडी वाढवून मोजले असता बॅटरीवर १४.१ व्होल्ट मिळतात. हेडलाइट लावल्यावर मात्र बॅटरीवर १३.१ पर्यंत खाली येतात, आणि त्याच वेळी अल्टरनेटरच्या मागे मोजले तर १४.२ दिसतात. पट्टा घट्ट आहे. अल्टरनेटर कमी पडतो आहे का?

नानापेठ

अल्टरनेटर उत्तम आहे, कारण त्याच्या स्वतःच्या टोकावर १४.२ व्होल्ट टिकून आहेत. मधला एक व्होल्टहून अधिक दाब वाटेत खर्च होतो आहे. कुठे, ते शोधण्यासाठी हेडलाइट लावून मीटरचे लाल टोक अल्टरनेटरच्या रुंद पातीवर आणि काळे टोक क्रमाने ‘डी’ खांब, ‘ए’ खांब आणि बॅटरीचे अधिक टोक असे ठेवत जावे. ज्या टप्प्यावर आकडा उडी घेतो, दोष तिथे आहे. त्याच पद्धतीने अल्टरनेटरचे अंग आणि बॅटरीचे उणे टोक यांच्यामधला दाबही मोजावा. तो ०.२ व्होल्टहून अधिक आला तर अर्थ पट्टी पुन्हा पाहावी लागेल.

माझा अंदाज असा की, ती जाड वायर डायनॅमोच्या काळातली आहे. ल्युकसचा सी ४० डायनॅमो २२ अँपिअर देत असे आणि १७ एसीआर जातीचा अल्टरनेटर ३६ अँपिअरपर्यंत देतो, त्यामुळे जुनी वायर आणि तिच्या काळवंडलेल्या थिंबली (टोकांवरच्या धातूच्या टोप्या) या प्रवाहाला पुरत नाहीत. अल्टरनेटरच्या रुंद पातीपासून सेल्फच्या त्या खांबापर्यंत, जिथे बॅटरीची केबल येते, ६ चौरस मिलिमीटरची एक नवी तांब्याची लवचिक वायर थेट न्यावी. थिंबली केवळ दाबून न बसवता चांगल्या क्रिंपरने पक्क्या कराव्यात आणि वायर एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर, स्लीव्हमधून न्यावी. जुनी वायर समांतर ठेवली तर चालते. ती काढायचीच असेल तर ‘डी’ खांबावरचे तिचे टोक आणि अल्टरनेटरकडचे टोक अशी दोन्ही टोके काढून स्वतंत्रपणे बंद करावीत, कारण एकच टोक सोडवले तर दुसऱ्या बाजूने ते बॅटरीच्या दाबावरच राहते आणि बॉडीला टेकताच हार्नेस पेटू शकतो. ‘डी’ आणि ‘ए’ यांमधली पट्टी, तसेच ‘ए’ खांबावरून फ्यूज बॉक्सकडे गेलेल्या वायरी आहेत तशाच ठेवाव्यात.

नव्या वायरीनंतर हेडलाइट लावून पुन्हा एकदा अल्टरनेटर ते बॅटरी असा दाब मोजावा. तो अर्ध्या व्होल्टच्या खाली आला की ते काम झाले असे समजावे.